फिरतं आणि मोकळं

आमच्या वाचनमंडळात पुस्तकं दोनच प्रकारची असत, फिरती आणि मोकळी. फिरतं पुस्तक वाचायचं, पुढच्याला द्यायचं, आणि सगळ्यांचं वाचून झालं की ते मालकाच्या घरी परत जायचं. मोकळं म्हणजे देऊन टाकलेलं, त्याच्यावर पुन्हा हक्क सांगायचा नाही. मोकळं करण्याआधी ते साफ करायचं, असा आमचा नियम. पहिल्या पानावरचं नाव, पेन्सिलीच्या खुणा, रेघोट्या, सगळं खोडरबराने पुसायचं, म्हणजे नव्या माणसाच्या हाती कोरं पुस्तक पडतं. मला हा नियम कधीच पटला नव्हता, पण मंडळात माझं ऐकतो कोण?

नियम काढला होता औषधवाल्या बाईंनी. औषधांचं दुकान त्यांचं, मंडळाचं अध्यक्षपद त्यांचं आणि पुस्तकावर बोलायचा मक्ताही त्यांचाच. बोलायच्या सुंदर, खोटं कशाला सांगू? त्यांच्या दुकानाला लागून जिना, आणि जिन्याखालच्या खबदाडात चेनताई. हिला बॅगांच्या, जॅकेटांच्या, पँटींच्या चेन बसवता येत, म्हणून नाव पडलं चेनताई. भर रस्त्यात चेन गेलेला एखादा साहेब फाईल पुढे धरून तिच्याकडे आला, तर ही मान वर न करता म्हणायची, "पडद्याआड जा आणि काढून द्या. लाजायचं काम नाही, मी फक्त चेन बघते."

दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी होत्या. चेनताईला मंडळात आणलं औषधवालीनेच. चेनताईचा दादा आजारी पडला तेव्हा दुकान बंद करून दवाखान्यात जाऊन बसायची तीही औषधवालीच. हे मी मुद्दाम सांगते, कारण परक्याने केलं असतं तर मी एवढी चिडले नसते.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. इमारतींच्या गच्चीवरच्या यंत्रखोलीत एखादा सुटा भाग येईपर्यंत तासन्‌तास बसून राहावं लागे, तेव्हा तो कादंबऱ्या वाचायचा, कानावरची पेन्सिल काढून समासात बहिणीसाठी काहीबाही लिहायचा आणि मग पुस्तक तिला द्यायचा. ती खाली उत्तर लिहायची. एके ठिकाणी त्याने लिहिलं होतं, "ह्या नायकाच्या एक कानफटात द्यावीशी वाटते." खाली हिचं, "दे. मी धरते." दुसरीकडे, "पुढची पानं नुसते ढग आहेत गं, सरळ ओलांड."

त्यांचं शेवटचं पुस्तक अर्ध्यावर राहिलं. मध्यावर दादाचं अक्षर लटपटायला लागतं आणि मग एका पानाच्या तळाशी, "माझं इथपर्यंतच झालं. पुढचं तू वाच आणि मला सांग." तो गेला. त्यानंतर शेवटापर्यंत प्रत्येक पानाच्या समासात चेनताई त्याला पुढची गोष्ट सांगत गेली होती. "दादा, तो परत आला रे." "दादा, तुझा अंदाज चुकला, म्हातारीच खोटं बोलत होती."

हे पुस्तक ती कुणाला दाखवत नसे. औषधवालीनेच तिच्या मागे लागून ते बाहेर काढलं. "कपाटात ठेवून काय करणार आहेस? फिरतं कर. दादांना लोक ओळखतील तरी." चेनताई कबूल झाली, पण तिने बजावलं, "फिरतंच हं. परत यायला हवं." औषधवालीने तिचा हात हातात घेऊन हो म्हटलं. मी शेजारीच उभी होते.

मग काय झालं, तर त्या पुस्तकावर लोकांच्या उड्या पडल्या. कादंबरी यथातथाच होती, पण समास वाचून माणसं हसत, रडत. बैठकीत सगळे चेनताईकडे वळून विचारायचे, दादा आणखी काय म्हणायचा? औषधवाल्या बाई भाषणाची तयारी करून यायच्या आणि ते भाषण तसंच परत न्यायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू असायचं, पण ते डोळ्यांपर्यंत पोचत नसे. मला दिसत होतं. चेनताईला दिसलं नाही, तिचा जीव होता ना त्या बाईवर!

पुढे मंडळाचा पुस्तकवाटपाचा दिवस आला. बाहेरगावची मंडळं येणार, मोकळ्या पुस्तकांचं टेबल भरलेलं दिसायला हवं. चेनताई नेमकी तापाने घरी पडून होती. औषधवालीने फोन करून विचारलं, तुझं पुस्तक माझ्याकडे आलंय, एकजण मागतोय, देऊ का? ही तापात म्हणाली, "दे गं कुणालाही. वाचू दे."

पुस्तक गेलं. बरी होऊन चेनताई विचारायला लागली, आता कुणाकडे आहे? तेव्हा कळलं की ते मोकळ्यांच्या टेबलावरून कुणीतरी नेलं.

बैठकीत औषधवाल्या बाईंनी सरळ हात झटकले. "तीच म्हणाली, दे कुणालाही. मी मोकळं समजले. ढिगातलं एक पुस्तक, घाईत साफ केलं. मी ते अजून वाचलं नव्हतं, आणि पुसताना आत काय लिहिलंय ते बघितलंसुद्धा नाही." आणि मग आमच्या विद्वान मंडळींनी 'दे' या शब्दाचा कीस पाडला. 'दे' म्हणजे वाचायला दे, की देऊन टाक? एकाने व्याकरण काढलं. शेवटी ठरलं की चूक चेनताईच्या बोलण्याची, तिने स्पष्ट सांगायला हवं होतं. मी ओरडले, "बाईंनी हातात हात घेऊन शब्द दिला होता, मी ऐकलंय!" तर बाई म्हणाल्या, तुम्हाला नेहमीच जरा जास्त ऐकू येतं. सगळे हसले. चेनताई मात्र मैत्रिणीकडे बघत राहिली, आणि मैत्रीण खिडकीबाहेर.

तरी तिने आशा सोडली नाही. कदाचित पुसलं नसेल, कदाचित घाईत थोडंच पुसलं असेल, असं ती मला रोज म्हणायची. आम्ही दोघींनी मंडळामंडळांत विचारत त्या माणसाचा छडा लावला. भला माणूस, पावाच्या भट्टीवर काम करणारा. त्याने पीठ लागलेले हात धुऊन पुस्तक आणून दिलं. चेनताईने तिथेच भट्टीच्या दारात ते उघडलं. समास कोरे. पानामागून पान कोरं. एवढं निगुतीने पुसलेलं मी आजवर पाहिलं नाही. तिची बोटं भरभर पानं उलटत होती आणि एका पानावर थांबली. तिथे दादाचं लिखाण जसंच्या तसं होतं. ते वाचून तिने पुस्तक मिटलं आणि आम्ही तडक औषधांच्या दुकानात गेलो.

चेनताईने काउंटरवर ते पान उघडून ठेवलं. "एक राहिलं बघ पुसायचं."

मी वाकून वाचलं. "ह्या नायिकेची मैत्रीण बघ आणि तुझी औषधवाली बघ. माझ्यामागे ती आहे, म्हणून मला तुझी काळजी नाही."

औषधवाल्या बाईंनी त्या ओळींकडे धड नजरही टाकली नाही. घाईघाईने म्हणाल्या, "राहू दे ना गं तेवढं. किती छान लिहिलंय दादांनी माझ्याबद्दल!"

आपण काय बोलून बसलो ते बाईंना उशिरा कळलं. त्यांचा हात तोंडाकडे गेला.

"म्हणजे वाचलंस तू," चेनताई म्हणाली. "सगळं वाचलंस. मी त्याला सांगत होते तेही वाचलंस, आणि मग पुसलंस."

"अगं, ऐक तरी..."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मला त्या बाईच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. चेनताईने आवाजही चढवला नाही. काउंटरवर बिलांशेजारी खोडरबर पडला होता, तो तिने उचलला. मी तिचं मनगट धरलं, "नको गं, दादाचं तेवढंच उरलंय." तिने माझा हात हळूच सोडवला.

"त्याला खोटं पाडायचं नाही मला," ती म्हणाली, आणि मैत्रिणीच्या देखत, एकेक अक्षर, तिने ते पान साफ केलं.