सोळा भाज्या आणि एक पातळ सुरी

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी एका वाक्यात माझं स्वयंपाकघर काढून घेतलं. आता खाली मांडी घालून बसायचं नाही, कायमचं. म्हणजे विळी गेली. मी जन्मभर विळीवरच चिरत आले. ओट्याशी उभं राहून सुरीनं चिरणाऱ्या बायकांना मनातल्या मनात नावंही ठेवत आले.

आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्यांची मिळून एक भाजी लागते. लग्न होऊन आल्यापासून ती मीच चिरते. मुलगा म्हणाला, "या वर्षी पाकीट आणू. मुकुंदवाडीत सोळाही भाज्या चिरून मिळतात."

"कालची चिरलेली भाजी मी देवीपुढं ठेवणार नाही."

"मग चिरणार कोण?"

"मी."

तो हसला. मला राग आला, आणि रागाखाली भीती होती. एकदा पाकीट घरात आलं की पाठोपाठ स्वयंपाकाची बाई येणार आणि मी सोफ्यावर बसून कुकरच्या शिट्ट्या ऐकणार. ते मला नको होतं.

घरातली स्टीलची सुरी जाड होती. कांदा कापण्याऐवजी चेपायची, मनगट भरून यायचं. देवगाव रंगारीला राहणारा माझा धाकटा भाऊ तब्येत बघायला आला तेव्हा त्याच्याजवळ हेच रडगाणं गायले. पुढच्या खेपेला त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरी आणली आणि ओट्यावर ठेवली. सुरी कुणाच्या हातात देत नाहीत आमच्या माहेरी, भांडण होतं म्हणतात.

"कन्नडच्या बाजारातनं आणली अक्का. लोहारानं करवतीच्या जुन्या पात्याची केलीय. लई हलकी हाय, अन् महाग बी नाय."

पातं कागदासारखं पातळ, मूठ साध्या लाकडाची. उचलली तर हातात काही धरलंय असं वाटेना. ओली राहिली की तांबेरायची, म्हणून मी ती लगेच पुसून ठेवू लागले.

तरी जमेना. विळीचं पातं जागचं हलत नाही, आपण भाजी त्याच्याकडे नेतो. माझे हात तेच करायला गेले. डाव्या मुठीत सुरी उभी धरली, धार माझ्याकडे केली आणि उजव्या हातानं भेंडी तिच्यावर ढकलली. बोट कापलं. मुलगा पट्टी बांधता बांधता म्हणाला, "आई, सुरी हलव, भेंडी नको." तो बरोबर बोलला याचाच मला जास्त राग आला.

मग मी रोज चिरायला घेतलं. कांदा, गवार, जे मिळेल ते. आधी फोडी ओबडधोबड व्हायच्या, घरातले मुकाट्यानं खायचे. एका सकाळी मेथी चिरताना सुरी आपोआप चालू लागली आणि हात थांबवावासा वाटेना. मी एकटीच हसले.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी पहाटेच ओट्याशी उभी राहिले. दोडका, पडवळ, कारलं, सगळं पातळ आणि एकसारखं. शेवटी उरला अख्खा लाल भोपळा. तो बाईनं फोडायचा नाही, पहिला काप पुरुषानं द्यायचा, ही आमच्या घरची रीत. मुलाला हाक मारली. त्यानं येऊन थेट माझी सुरी भोपळ्यात खुपसली. पातं धनुष्यासारखं वाकलं तशी मी ओरडले.

"सोड ती. माळ्यावरची विळी काढ अन् खाली बस."

तो बसला. विळीच्या पाटावर पाय ठेवला, भोपळा फरशीवर टेकवला आणि विळीच पुढंमागं ओढायला लागला.

"भोपळा हलव," मी म्हटलं, "विळी नको."

त्यानं वर पाहिलं. भेंडी आठवली असावी, कारण कान लाल झाले. मग दोन्ही हातांनी जोर लावून त्यानं भोपळा फोडला. उठायला लागला तसं मी ताट पुढं सरकवलं. पहिल्या कापावर त्याला सोडणार नव्हते. घाम पुसत त्यानं सगळ्या फोडी केल्या, लहान-मोठ्या, माझ्या पहिल्या भेंड्यांसारख्याच. मी त्या तशाच पातेल्यात टाकल्या.

"आई, पुढच्या वर्षी भोपळ्याची फोडच विकत आणू," तो म्हणाला.

"पुढच्या वर्षी," मी सुरी पुसत म्हटलं, "विळीला आधीच धार लावून ठेव."