बारा व्होल्टचा ट्रॅक्टर

ट्रॅक्टरला बारा व्होल्टची बॅटरी बसवली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मेस्त गेले.

गोव्यातल्या सर्वण गावात त्या मेकॅनिकला सगळे मेस्तच म्हणत. ते माझे शेजारी. गोवा राज्य झालं त्या वर्षी अर्धं गाव त्यांच्या जुन्या ट्रॅक्टरवर नांगरणी करून घेई.

त्यांची सकाळ तुम्ही पाहायला हवी होती. हँडब्रेक धरत नसे आणि अंगण उतरतं, म्हणून ट्रॅक्टर रात्रभर गिअरमध्ये उभा. सकाळी वर न चढताच, मागच्या चाकापुढे उभं राहून मेस्त स्टार्टरचं बटण दाबत. सहा व्होल्टची थकलेली बॅटरी. ट्रॅक्टर नुसता कण्हायचा, हलायचा नाही. "जिवो आसा!" म्हणत मेस्त हसत; बॅटरीत जीव आहे का, एवढंच बघायचं असे. मग वर चढून गिअर काढत आणि तो चालू करत.

"पयलीं वयर चडात, मागीर बटण दाबात," त्यांची बायको, आमच्या वहिनी, दारातून ओरडत.

"सवकास गो. यंत्राक घाय नासता, मनशाक आसता."

पुढे ती बॅटरी अगदीच बसली. तसली आता येत नाही, असं पणजीच्या दुकानदाराने सांगितलं. मेस्तांनी बारा व्होल्टची आणली. डायनमो बदलला, दिवे बदलले, वायरी नव्या ओढल्या. स्टार्टर तेवढा जुनाच, सहा व्होल्टचा ठेवला. "जड आसा, सोसतलो."

मी पायरीवर पुस्तक घेऊन बसलेलो. त्यांनी दिव्यांचं बटण फिरवलं तसा मागचा एक बल्ब पांढरा पेटला आणि विझला. तो जुनाच राहून गेला होता.

"मास्तर, हें तुमच्या पुस्तकांत बरोवं नाकात," लिहू नका म्हणत ते हसले. मग ट्रॅक्टरकडे बघत म्हणाले, "एक विसरलों. आनीक कितें विसरलों काय?"

संध्याकाळी त्यांनी सीटवर बसून, गिअर काढून, बटण दाबलं. बोट उचलायच्या आत इंजिन धडधडलं. जमलेली माणसं खूश झाली. वहिनी तेवढ्या मागे सरल्या. "इतलो राग कसलो ह्याका?"

मेस्तांनी बॉनेटवर जास्वंद ठेवली आणि ट्रॅक्टर नेहमीसारखा उतारावर, गिअरमध्ये उभा केला.

सकाळी मी कुंपणाशी फुलं काढत होतो. मेस्त बाहेर आले, चाकापुढे उभे राहिले आणि त्यांनी बटण दाबलं. ट्रॅक्टर कण्हला नाही. तो झेपावला.

वायरी नव्या होत्या, दिवे नवे होते. उभं राहायची जागा जुनीच होती.

ट्रॅक्टर अजून त्याच अंगणात आहे. बॅटरी वहिनींनी काढायला लावली. चारही चाकांपुढे त्यांनी दगड लावले आहेत.