दोन आठवडे

चाकणच्या ज्या कंपनीत मी पार्ट तपासतो, तिथे प्रत्येक टेबलावर तीन क्रेट असतात. हिरव्यात पास, लालमध्ये बाद आणि पिवळ्यात शंकेचे. ते दुसऱ्या माणसाने पुन्हा तपासायचे. माझा पिवळा क्रेट कायम रिकामा. शंका आली की मी पार्ट सरळ लालमध्ये टाकायचो. याचं साहेबांना कौतुक होतं आणि मला तर फारच. भिडस्त माणसाचं हे काम नाही, असं मी शिफ्टमध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचो.

तेव्हा आम्ही कुरुळीत भाड्याने राहत होतो. मुलगी तीन वर्षांची होती आणि बायकोला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीनंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाच्या डोक्यात पाणी थोडं जास्त दिसतंय, अगदी काठावर आहे. पुष्कळदा ते आपोआप कमी होतं. दोन आठवड्यांनी पुन्हा बघू.

मी विचारलं, "बाळ शंभर टक्के नॉर्मल असेल, असं लिहून द्याल?"

"असं कुणाच्याच बाळाचं लिहून देता येत नाही हो," त्या म्हणाल्या.

झालं. घरी पोहोचेपर्यंत माझं ठरलं होतं, हे मूल नको. बायको रडली, थांबू या म्हणाली. मी मोबाईलवर शोधलेली आजारांची भयंकर नावं तिला एकेक करून वाचून दाखवली. खालच्या घरमालकीणबाईंच्या कानावर गेलं, तशा त्या गुडघे धरत जिना चढून आल्या.

"डॉक्टरीण थांबा म्हनती, तर तुमाला कसली घाई हाय? लेकरू हाय ते. किडकं वांगं न्हाई फेकून द्यायला."

"मावशी, उद्या त्याला सांभाळायला तुम्ही येणार आहात का?" मी खेकसलो.

"व्हय, येते की."

मी दार लावून घेतलं. त्या डॉक्टरीणबाई काही तयार होईनात, म्हणून मी पिंपरीत दुसरं हॉस्पिटल शोधलं. तिथे कुणी थांबा म्हणालं नाही.

हल्ली कुणी माणसाच्या जगण्याच्या हक्कावर बोलायला लागलं की मी काहीतरी निमित्त काढून उठतो. माझं मत बदललंय, पण ते मांडायला तोंड कुठे आहे? पार्टला ड्रॉईंग असतं, माप असतं. माणूस कुठल्या मापाला उतरला म्हणजे त्याला जगू द्यायचं, हे ठरवणारा मी कोण लागून गेलो? ते माझं लेकरू होतं, आणि त्याच्या बाजूने बोलायचं काम माझं होतं. मी दोन आठवडेसुद्धा थांबलो नाही. याची लाज वाटते, आणि ती वर्षागणिक कमी होईल म्हणतात तसं काही होत नाही.

त्या सकाळी पिंपरीच्या हॉस्पिटलच्या बाकावर बसलो असताना बायकोने माझा हात ओढून पोटावर ठेवला. "हलतंय बघा. लागतंय हाताला?"

दिवसभर पार्टच्या कडेवरची केसाएवढी धार बोटांनी शोधणारा माणूस मी. तळहाताखाली हलकीशी ढुशी लागली. थोड्या वेळाने पुन्हा एकदा लागली.

"नाही गं, काही नाही," मी म्हणालो.

तिने माझा हात सोडला. नर्सने हाक मारली तशी उठून आत गेली.

आता आम्ही मोशीला राहतो. इतक्या वर्षांत बायकोने तो विषय कधी काढला नव्हता. गेल्या रविवारी आम्ही दोघं मटार सोलत बसलो होतो, मुलगी क्लासला गेली होती, आणि तिने एकदम विचारलं, "अहो, खरं सांगा. त्या दिवशी तुमच्या हाताला काहीच लागलं नव्हतं?"

आता तरी सांगावं, असं फार वाटलं. शब्द ओठांवर आले होते. पण तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि माझा धीर सुटला.

"नाही," मी म्हणालो.

ती परत शेंगा सोलायला लागली. मग हळूच म्हणाली, "मग मलाच भास झाला असेल."