तेवीस पोरं, बावीस खाटा

दातांच्या डॉक्टरकडे किस्से साठतात ते पेशंटच्या गप्प बसण्यामुळे. अर्धा तास तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसाच्या पोटात जे काही साठतं, ते मी कापूस बाहेर काढला की एकदम बाहेर येतं. त्यात माझं क्लिनिक मिनेसोटाच्या अगदी वरच्या टोकाला. इथून कॅनडा जवळ, आणि हिंग आणायचा तर चार तास ड्राइव्ह! न्यू जर्सीत पार्सिपनीला मैत्रिणींकडे गेले की त्या घरांच्या किमती आणि मुलांच्या ॲडमिशन यावर बोलतात. माझी पाळी आली की मी आइस हॉकी काढते. पहिली पाच मिनिटं सगळ्या सभ्यपणे ऐकतात. त्यानंतर चहा टाकायला कोणी उठत नाही.

आमच्या गावाची टीम ज्युनिअर हॉकीची. म्हणजे सतरा ते वीस वर्षांची पोरं, कुठल्या कुठल्या राज्यांतून आलेली, पुढे एखाद्या कॉलेजच्या टीममध्ये निवड होईल या आशेवर इथे येऊन दात पाडून घेतात. टीमचं नाव ईलपाउट्स. ईलपाउट हा आमच्या तळ्यातला सगळ्यात कुरूप मासा. गळाला लागला तर लोक चार शिव्या घालून परत पाण्यात सोडतात. नाव ठरवायला गावात मतदान ठेवलं होतं, तेव्हा बारमधल्या मंडळींनी थट्टा म्हणून एकगठ्ठा मतं टाकली. मंडळी शुद्धीवर येईपर्यंत जर्सी छापून आल्या होत्या!

*

माझा आणि टीमचा संबंध आला तो एका शनिवारी दुपारी. रिंकवरून गेरीचा फोन. हा गेरी रिंकचा मॅनेजर. बर्फ सपाट करायचं यंत्र तोच चालवतो, तिकिटं तोच फाडतो आणि माइकवर गोल कुणी मारला तेही तोच चुकीचं सांगतो.

"डॉक, एका पोराचा दात पडलाय. मुळासकट. काय करू?"

"दुधात घालून लगेच घेऊन ये. पोरालाही आण," मी म्हटलं. गेरीच्या बाबतीत हे सांगावं लागतं.

वीस मिनिटांत तो हजर. एका हातात पोरगा, दुसऱ्या हातात कागदी ग्लास. कँटीनमध्ये साधं दूध नव्हतं म्हणून त्याने चॉकलेट मिल्क वापरलं होतं. मी चिमट्याने दात शोधायला लागले. एक सापडला. मग आणखी एक सापडला.

"गेरी, याचा एकच पडलाय. हा दुसरा कुणाचा?"

"काय माहीत! बर्फावर दोन पडले होते," गेरी म्हणाला. "जो बसेल तो बसव!"

*

आता मुद्द्याची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर चालतं. ही बाहेरगावची पोरं राहतात कुठे? गावातल्या घरांमध्ये. एखादं कुटुंब एक-दोन पोरं सांभाळतं, जेवू घालतं, त्यांच्या घामट मोज्यांसकट त्यांना घरचं मानतं. पूर्वी पोरं मिळवण्यासाठी घरं भांडायची. मग कागदाच्या मिलमधली दोन मशिन्स बंद झाली, तरुण कुटुंबं गाव सोडून गेली आणि मागे उरले म्हातारे, ज्यांच्या गुडघ्यांना जिना चालत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात टीमच्या मालकाचं पत्र आलं. हा मालक दूर मोठ्या शहरात राहतो, वर्षातून दोनदा येतो आणि दोन्ही वेळा पार्किंगला नावं ठेवतो. पत्रात एवढंच होतं: येत्या ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत तेवीस पोरांसाठी तेवीस खाटा दाखवा, नाहीतर टीम शहराजवळच्या एका उपनगरात हलवतो.

पोरांना घरं शोधून द्यायचं काम बार्बचं. बार्ब शाळेच्या कँटीनमधून रिटायर झालेली, टीमच्या पहिल्या सीझनपासून हेच करणारी. तिचा नवरा गेला त्या आठवड्यातही तिने एका गोलकीपरला खोली मिळवून दिली होती. पत्र वाचून तिने चष्मा काढला.

"टीम गेली तर मी शनिवारी करायचं काय? व्यायाम?"

सगळे हसले. ती हसली नाही, आणि मला तिची फार काळजी वाटली.

*

त्याच जानेवारीत एक कुटुंब अचानक ॲरिझोनाला गेलं आणि त्यांच्याकडचा पोरगा आमच्याकडे आला. टायलर, अलास्काचा, दारात वाकून येणारा. माझ्या सासूबाई तेव्हा सांगलीहून आलेल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, टायलरला मराठी येत नव्हतं, पण एकीला वाढायला आवडायचं आणि दुसऱ्याला खायला. पहिल्याच दिवशी त्याने सतरा पोळ्या खाल्ल्या. अठरावीला नको म्हणाला तर आईंचा चेहरा पडला.

"पोट बिघडलंय का गं त्याचं?"

टीम तेव्हा सलग अकरा मॅच हरली होती. थंडीत प्रवास करतात बिचारी पोरं, म्हणून आईंनी डिंकाच्या लाडवांचा मोठा डबा टायलरबरोबर बसमध्ये पाठवला. टीम जिंकली! सोमवारी कोचचा फोन, माझे मिस्टर संजय यांनी घेतला.

"ते गोळे आणखी मिळतील का? आणि ते असतात तरी कशासाठी?"

संजयने आईंना विचारलं. आईंनी शांतपणे सांगितलं, "बाळंतिणीला देतात. कंबर भरून येते."

इथे एक सांगायला हवं. हॉकीत खेळाडूला नक्की कुठे लागलंय ते कोणी बाहेर सांगत नाही. कमरेच्या वर लागलं तर 'अपर बॉडी इंज्युरी', खाली लागलं तर 'लोअर बॉडी इंज्युरी', एवढंच जाहीर करतात.

"रिकव्हरी फूड आहे," संजय म्हणाला.

"कशातून रिकव्हरी?"

"लोअर बॉडी इंज्युरी."

*

आता वॉल्ट. आमच्या रिंकवरच्या जवळजवळ सगळ्या मॅचना रेफरी तोच. वय पासष्टच्या पुढे, काउंटीच्या जमीन-नोंदणी ऑफिसात सगळा जन्म काढलेला, नियमांचं पुस्तक खिशात घेऊन हिंडणारा. गावचा असून त्याने कधी गावाला एका शिटीचंही झुकतं माप दिलं नाही. सख्ख्या पुतण्याला मॅचबाहेर काढलं, तेही त्याच्या वाढदिवसाला. शनिवारी स्टँडमधून त्याच्यावर जे काही ओरडलं जायचं ते मी इथे लिहू शकत नाही. त्यातलं निम्मं तर चर्चच्या गायकवृंदातल्या बायका ओरडायच्या.

एकदा आमचा मॅस्कॉट, म्हणजे ईलपाउटच्या वेशातला फायर ब्रिगेडचा माणूस, समोरच्या गोलकीपरच्या मागे काचेला चिकटून नाचत होता. वॉल्टने शिटी मारली, काचेपाशी गेला आणि दाराकडे बोट दाखवलं.

"मासा बाहेर!"

पुस्तकात माशाबद्दल काही नाही म्हणून गेरीने माइकवरूनच वाद घातला. वॉल्टने पान काढून दाखवलं. होतं! 'प्रेक्षक अथवा अन्य.' मासा मान खाली घालून गेला. शेपटी दारात अडकली, म्हणून दोघांनी ढकलला.

*

आमचा त्या वर्षीचा कॅप्टन कॉनर खेळायला झकास, तोंडाने गटार. वॉल्टने दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये, म्हणजे त्या काचेच्या कोठडीत, बसवलं की हा त्याला काहीतरी बोलायचा आणि दोनाची बारा व्हायची.

एका शनिवारी सकाळी प्रॅक्टिसमध्ये याचे खालचे तीन दात तुटले. दुपारी मॅच. मला तिन्हींवर काम करायचं होतं म्हणून दोन्ही बाजूंना इंजेक्शन दिलं. जीभ, ओठ, हनुवटी, सगळं सुन्न. काम झाल्यावर तो तसाच लाळ पुसत खेळायला गेला.

दुसऱ्या पिरियडमध्ये वॉल्टने त्याला दोन मिनिटं दिली. कॉनर तरातरा त्याच्यासमोर गेला, तोंड उघडलं आणि आतून आली फक्त लाळ आणि एक "ब्लब."

"काय म्हणालास?" वॉल्टने कान पुढे केला.

"ब्लब! ब्लब्लब!"

वॉल्टने त्याच्या खांद्यावर थोपटलं. कॉनर दोनच मिनिटांत परत आला, त्याने दोन गोल मारले आणि आम्ही जिंकलो. कोच खूश, मी खूश.

सोमवारी वॉल्ट स्वतः क्लिनिकवर आला. दात तपासायचे नव्हते. त्याने टोपी काढली आणि रिसेप्शनवरच्या मुलीसमोर हळूच विचारलं, "डॉक, तू कॉनरला जे दिलंस ना, ते कोचलाही देता येईल का?"

*

इकडे बार्बची यादी ऑगस्ट आला तरी भरेना. ती चर्चमध्ये उभी राहिली, लायब्ररीत उभी राहिली, किराणा दुकानात लोकांच्या गाड्यांमध्ये डोकावून "एवढं दूध दोघांना लागतं? म्हणजे जागा आहे तुमच्याकडे!" असं म्हणायला लागली. आम्ही दोन पोरं घेतली. कोचने स्वतःच्या तळघरात चार ठेवली. तीन पोरं तर बार्बने अंत्यसंस्कार करणाऱ्या मिस्टर ओल्सन यांच्याकडे खपवली. त्यांचं घर त्यांच्या धंद्याच्या वरच्या मजल्यावर.

एका पोराची आई टेक्सासहून फोनवर विचारत होती, शेजार कसा आहे म्हणून.

"अतिशय शांत," बार्बने सांगितलं. "आजवर एकाचीही तक्रार नाही."

शेवटच्या शुक्रवारी दुपारी बावीस खाटा झाल्या होत्या. तेवीस पोरं. उरलेला एक, ब्रोडी, अठरा वर्षांचा, ओहायोचा, दोन बॅगा घेऊन रिंकच्या लॉबीत बसला होता. मालकाने पाठवलेला माणूस समोर टेबल टाकून बसला होता आणि दर थोड्या वेळाने घड्याळ बघत होता. मी माझे दोन पेशंट कॅन्सल केले होते. मी म्हटलं, आमच्याकडे तिसरा ठेवते. पण नियम होता, प्रत्येकाला स्वतःची खाट हवी आणि घरात दोनपेक्षा जास्त पोरांना मालकाची लेखी परवानगी हवी. कोचला आणि ओल्सनना ती जूनमध्येच मिळाली होती. मालक आता फोन उचलत नव्हता.

पाचला वीस मिनिटं होती. दार उघडलं आणि वॉल्ट आत आला. लॉबीतल्या कुणीही त्याला हॅलो म्हटलं नाही. सवय नव्हती.

"माझ्या घरी वर खोली आहे," तो बार्बला म्हणाला. "मार्गरेट गेल्यापासून रिकामीच आहे. खाट आहे. गादी मी काल नवीन आणली."

गेरीला पहिल्यांदा सुचलं. "पण वॉल्ट, तू रेफरी. टीमचा पोरगा तुझ्या घरी राहिला तर..."

"तर या रिंकवर मला शिटी मारता येत नाही. नियम मला सांगतोस?" त्याने खिशातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "लीगला पत्र लिहिलंय. ही त्याची कॉपी."

सत्तावीस वर्षं तो माणूस दर शनिवारी त्या बर्फावर उभा राहिला होता. बायको गेल्यावर त्याच्या आयुष्यात दुसरं काही उरलं होतं असं मला तरी माहीत नाही. बार्बने यादीत त्याचं नाव लिहिलं आणि मग रडायला लागली. मीही रडले, उगाच खोटं कशाला सांगू! मालकाच्या माणसाने कागद गोळा केले, पार्किंगला नावं ठेवली आणि गेला.

वॉल्ट ब्रोडीकडे वळला. "बूट दारात काढायचे. टॉवेल जमिनीवर नाही. बाकीचं छापील देतो." आणि खरंच दोन पानं दिली.

*

ऑक्टोबरमधली पहिली घरची मॅच. रिंक गच्च भरलेलं. वॉल्ट पहिल्यांदाच स्टँडमध्ये, माझ्या पुढच्याच ओळीत, मांडीवर थर्मास. हात कुठे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं. आजूबाजूच्या चार जागा लोकांनी मोकळ्या सोडल्या होत्या. मग बार्ब येऊन त्यातल्या एकीवर बसली.

नवी रेफरी डुलुथहून आली होती, पंचविशीची मुलगी, भराभर स्केटिंग करणारी. दुसऱ्या पिरियडमध्ये ब्रोडीने समोरच्या पोराच्या पायात स्टिक घालून त्याला पाडलं. आमच्या डोळ्यांदेखत. शिटी वाजली, दोन मिनिटं. शंभर टक्के बरोबर पेनल्टी. तरी सवयीने सगळा स्टँड ओरडायला उठला, आणि मग एकेक करून गप्प झाला. कारण प्रत्येकाने वॉल्टकडे बघितलं. नियम काय सांगतो, हे गावात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

वॉल्ट उभा राहिला. थर्मास खाली पडला. मानेपर्यंत लाल झालेला. त्याने टोपी काढली, दोन्ही हातांचा कर्णा केला आणि सत्तावीस वर्षं दाबून ठेवलेल्या आवाजात त्या मुलीवर ओरडला,

"अगं, पोराने सकाळपासून धड काही खाल्लेलं नाही!"