एका नकाशावर दोन पहिल्या सह्या

निजामाच्या राज्यात आमची आखाडा बाळापूरची शाळा बाजारातल्या छपरीत भरायची. बाजारच्या दिवशी तिथे बैल बांधत आणि पोरांना घरी पाठवावं लागे. मला त्याची फार लाज वाटायची. शेवटी गावाने इमारतीसाठी जागा दिली, दगड दिला. अडलं ते मंजुरीवर. भिंती आखणारा आणि छप्पर आखणारा, अशा दोन सनदवाल्यांच्या सह्या नकाशावर हव्या होत्या. दोघांचा मेळ घालायचं काम मास्तर म्हणून माझ्या गळ्यात पडलं, आणि मी गाढव, ते आनंदाने घेतलं.

भिंतींवाले साहेब नांदेडचे, छपरावाले परभणीचे. नकाशा दोघांनाही पसंत होता. भांडण सहीचं.

"त्याच्या खाली सही कराया आमी काय त्याचे नौकर हाव?" नांदेडकर म्हणाले. "भिंती आधी, छप्पर मागून. बराबर का न्हाई?"

"छपराबिगर भिंतीला इमारत कोन म्हनंल, मास्तर?" परभणीकर म्हणाले. "पहिली सही माझी, न्हाई तर न्हाईच."

नकाशाची गुंडाळी काखेत मारून मी दोन्हीकडे तीन-तीन खेपा घातल्या. चहा मिळाला, सही मिळाली नाही. बायको म्हणाली, "तिकडंच ऱ्हावा की, परत काहून येऊन राहिले?"

मग एकदा वर्गात दोन पोरं भांडली. फळा एकच. एक उर्दूचा धडा उजवीकडून लिहीत होता, दुसरा मराठीचा डावीकडून, आणि मध्ये दोघांची टक्कर झाली. दोघांचं म्हणणं एकच, की मी सुरुवातीपासून लिहिलं. मी छडी उगारली होती, ती खाली ठेवली आणि नांदेड गाठलं.

नांदेडकर उर्दूत सही करत. त्यांना मी नकाशाच्या तळाशी उजवं टोक दाखवलं. त्यांनी झोकात सही ठोकली. परभणीकर मराठीत सही करत. त्याच ओळीचं डावं टोक मोकळं पाहून ते म्हणाले, "व्हय, आता कसं!" मी कुणाशीही खोटं बोललो नाही. कुणी विचारलंच नाही.

उद्घाटनाला दोघेही आले. गावाने हौसेने नकाशा दाराशीच टांगला होता. नांदेडकरांनी उजव्या टोकावर बोट ठेवलं, परभणीकरांनी डाव्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यानंतर दोघे दारात जे उभे राहिले ते हलेचनात. दुसऱ्याच्या मागून आत जायला कुणी तयार नाही. पोरं उन्हात ताटकळत होती. मला असा संताप आला की सनदबिनद मी विसरलो.

"पोरांनो, आत व्हा!" मी ओरडलो.

दोन साहेबांच्या मधून, कोटांना पाट्या घासत, अख्खी शाळा आत घुसली. मागून साहेब आले. आधी कोण आलं ते मला दिसलं नाही, मी डोळे पुसत होतो. छपरीत बैल बांधलेले होते. बाजारचा दिवस होता, आणि आमची शाळा भरली होती.