एलूलमध्ये तीनदा

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दोन तारखा असायच्या, मोठ्या आकड्यात इंग्रजी आणि कोपऱ्यात बारीक हिब्रू. मोठे आकडे माझे, कोपरा बायकोचा. मीरा रोडला इमारती भराभर उठत होत्या आणि मी दरवाजे विकत होतो. आत्मशुद्धीला वेळ कुणाला होता!

त्या वर्षी एलूल, म्हणजे नव्या वर्षाआधीचा आत्मशुद्धीचा महिना, लागला तशी बायको म्हणाली, "दादा सण झाले की कायमचे इस्राएलला चाललेत. जाऊन माफी मागून या."

"मी? त्यानं मागावी!"

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, राहायला सिल्व्हर पार्कात. चार वर्षं आमचं बोलणं नव्हतं. दुकान सुरू केलं तेव्हा मी आमचा प्रेषित एलियाहू हनाबी याच्या नावानं मलिदा केला होता. गोड पोहे, खोबरं, फळं, खजूर. दादानं ताटाकडे बघून पाहुण्यांदेखत म्हटलं, "हनाबीचे खजूरसुद्धा यानं घासाघीस करूनच आणले असणार!" सगळे हसले. मी त्याला तिथल्या तिथे दुकानाबाहेर काढलं.

"किप्पूरच्या प्रायश्चित्ताच्या उपासानं देवाशी भांडण मिटतं, माणसाशी नाही," बायको म्हणाली. "त्यासाठी एलूलपासून किप्पूरपर्यंत वेळ दिलाय. तीनदा मागायची. तिन्ही वेळा नाही म्हणाले, तर दोष त्यांचा."

हे शेवटचं मला एकदम पटलं. तीन फेऱ्यांत दोष कायमचा त्याच्या नावावर, यापेक्षा चांगला सौदा कुठला? त्याच दिवशी गेलो. दादानं दार उघडलं.

"माफ कर, माफ कर, माफ कर. झाले तीन."

त्यानं दार लावलं. दरवाजा माझ्याच दुकानातला, भांडणाआधी मीच बसवून दिलेला. तोंडावर आपटला तरी बिजागरी कुरकुरली नाही, याचा मला तिथेही अभिमान वाटला.

"अहो, तीन वेगळ्या दिवशी," बायकोनं कपाळाला हात लावला. "आणि मनापासून."

दुसऱ्यांदा नव्या वर्षाच्या सणानंतर गेलो. या खेपेला सुरुवात गोड केली. "दादा, चुकलं असेल माझं. पण आधी तू..."

"पण? माफीत पण घालतोस? इथेही घासाघीस?"

मग आम्ही जिन्यात असे भांडलो की खालच्या मजल्यावरची गुजराती बाई विचारायला आली, "भाई, पानी चला गया क्या?"

किप्पूर आला. संध्याकाळपासून उपास, पांढरे कपडे, दारं लावून प्रार्थना. दिवस कलत आला होता, बायकोनं उपासाआधीचं ताट वाढलं होतं. पुढच्या एलूलमध्ये तो सिल्व्हर पार्कात नसणार होता. न जेवता तसाच उठलो.

दादाही पांढऱ्या कपड्यांत होता. पाठांतर केलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "खजुराचं तू बोललास ते खरं होतं. नया नगरच्या फळवाल्याशी अर्धा तास हुज्जत घातली होती मी."

"किती कमी केले?"

"किलोला दोन रुपये. हनाबीचं नाव सांगून."

"हनाबीचं नाव सांगितलंस आणि दोनच? गाढवा, मी पाच कमी करून घेतले असते."

मग त्यानं दोन्ही हात पुढे केले. मी माझे हात त्याच्या हातांत दिले आणि आमच्या रीतीप्रमाणे दोघांनी आपापली बोटं ओठांना लावली. चार वर्षांनी हातबोशी झाली. "चारचौघांत बोलायला नको होतं मी," तो हळूच म्हणाला.

आतून वहिनी ओरडली, "भावजी, जेवलात का? सूर्य चाललाय!"

जेवण घरी ताटातच होतं आणि घरी पोचेपर्यंत उपास लागणार होता. तिनं घाईघाईनं माझ्या हातावर एक खजूर ठेवला. काळा, मऊ, उत्तम माल. किलोला काय भाव पडला, हे अगदी ओठांवर आलं होतं.

मी तोंड मिटून चावत राहिलो.