धोंडिबा फिटरची पाटी

धोंडिबा भालेराव कोणताही भाग तपासताना डोळे मिटून घेई. पिंपरीच्या ज्या कारखान्यात मी कारकून होतो, तिथल्या टूलरूममध्ये तो फिटर होता. कानशीने घासलेल्या कडेवरून अंगठा फिरवून तो म्हणे, "डोळा फसवतो, नाना. बोट न्हाई फसवत."

त्याची मुलगी कुसुम जन्मांध. पुनावळ्याच्या सरकारी शाळेत तो तिचे नाव घालायला गेला, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "ब्रेलची पाटी आणा, मग बसवतो. शाळेकडे असले साधन नाही." शिक्षण कायद्याने सक्तीचे, आणि साधन मात्र बापाने आणायचे! मी त्याच दिवशी शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र लिहिले. उत्तर आले नाही.

धोंडिबा उत्तरासाठी थांबला नाही. पुण्याच्या अंधशाळेतून त्याने एक पाटी दिवसभरासाठी मागून आणली, मापे घेतली आणि भंगारातल्या पत्र्यातून जेवणाच्या सुट्टीत तशीच घडवली. वरच्या पट्टीत बारीक खिडक्या, खालच्या पट्टीत प्रत्येक खिडकीखाली सहा खळगे. मध्ये कागद धरून टोचणी दाबली की मागे ठिपका उठे. त्या ठिपक्यांचेच अक्षर.

भंगारातून चिमटे, झारे करून डब्यातून घरी नेणे ही तिथली रीतच होती. दरवान पाहून न पाहिल्यासारखे करीत. मी मात्र अडून बसलो : "लेखी परवानगी घे. मुलीच्या विद्येची वस्तू चोरासारखी नेऊ नकोस."

शेजारचा टर्नर हसला, "धोंडिबा, आता शिंकाया बी नानाला अर्ज कर, राव!"

"नाना म्हन्त्यात ते खरं हाय," धोंडिबा म्हणाला. "लिवा."

मी लिहिले. वस्तू, धातू, कामाची वेळ. काही लपवले नाही. व्यवस्थापनाने त्या अर्जालाच कबुलीजबाब ठरवले. पाटी पुरावा म्हणून कपाटात बंद झाली आणि चौकशीअंती धोंडिबा बडतर्फ झाला. चिमटेवाले सगळे कामावर राहिले. शाळेने कळवले : साधन नाही, सबब प्रवेश नाही.

मी अपिले केली, कलमे दाखवली, रजिस्टर पत्रे धाडली. प्रत्येक प्रतीवर तो निमूट सही करी. "अर्ज बेस झाला व्हता, नाना. समदं खरं व्हतं त्यात." शिवी दिली असती तर मला हलके वाटले असते.

नंतर तो खाणीवर खडी फोडू लागला. बोटांना घट्टे पडले. "आता पत्र्याची कड बी कळंना," तो एकदा हसत म्हणाला. दुसरी पाटी झालीच नाही. तिसऱ्या वर्षी छातीच्या आजाराने तो गेला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी त्याच्या घरी नवा अर्ज घेऊन गेलो. पाटी परत मागायची, तर त्यावर कुसुमच्या आईची सही हवी होती. बारा वर्षांची कुसुम भिंतीशी बसली होती. तिने कागद माझ्या हातून घेतला आणि वरपासून खालपर्यंत त्यावर अंगठा फिरवला, थेट बापासारखा.

"नाना," ती म्हणाली, "ह्याच्यावर तर कायबी न्हाई."